असे समजते

"पण त्यांना विचारायचं कशाला, चाचा? विचारलं की सावध होणार, वकिलाची नोटीस धाडणार."

प्रज्योतने बातमी टेबलावर ठेवली. तालुक्याच्या साप्ताहिकाचे संपादक इनामदारचाचा चष्मा पुसत होते. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचलं.

सरकारी दवाखान्यात बाळंतीण दगावली होती. 'रक्त शिल्लक असूनही डॉ. शुभदा उकिडवे यांनी ते दिले नाही, असे समजते.'

"समजते... कोणाला?"

"सगळ्या गावाला! अब्रूनुकसानीला भितो कोण? लोकहिताची बातमी आहे."

"लोकांत त्या डॉक्टरीणबाई धरल्यास ना?"

प्रज्योत हसला. "चाचा, तुम्ही म्हातारे झालात."

चाचांनी मान हलवली. एका चिटोऱ्यावर एक ओळ लिहून त्याच्यापुढे धरली.

"हीसुद्धा घेऊ या. चौकटीत."

'वार्ताहर प्रज्योत खोचीकर यांनी एसटी स्टँडवर ठेकेदार बाबर यांच्याकडून जाड पाकीट स्वीकारल्याचे समजते.'

प्रज्योतचा चेहरा पांढरा पडला.

"चाचा... हे..."

"खोटं आहे? समोर रसवंतीत बसलो होतो मी."

"पाकिटात रक्तसाठ्याच्या नोंदींचे कागद होते! दवाखान्याचा जनरेटर बाबरचा, त्याला आतलं सगळं कळतं. त्यानंच दिले. हे माझी आई वाचेल, चाचा! मला एकदा विचारायचं तरी..."

तो मध्येच थांबला.

चाचांनी फोन त्याच्याकडे सरकवला.

डॉक्टरीणबाईंनी लगेच उचलला. प्रज्योतने अडखळत विचारलं. पलीकडचं उत्तर चाचांनाही ऐकू गेलं.

"रक्त होतं. पण फ्रिज रात्रभर बंद. खराब झालेलं रक्त कसं चढवू? लाइट गेली, आणि जनरेटर सुरूच झाला नाही... आठ दिवस झाले. विचारणारे तुम्ही पहिलेच."

प्रज्योतने फोन ठेवला.

"बाबर... त्यानंच मला... आणि मी हे छापणार होतो!"

तो ताडकन उठला. आपली बातमी त्याने टराटरा फाडली.

"मथळा बदला, चाचा. पहिलं पान. 'बाळंतिणीचा बळी घेणारा ठेकेदार'! आता सोडत नाही त्याला!"

चाचांनी फोन पुन्हा त्याच्याकडे सरकवला.

"आता त्याला विचार."