गोमाजीचं विचारणं

त्या दिवशी पाऊस वरून खाली पडत नव्हता, आडवा येत होता. आषाढ अर्धा सरला होता आणि सहा दिवसांत कुणाला ऊन दिसलं नव्हतं. धुकं पुढच्या दारानं आत यायचं आणि मागच्या दारानं बाहेर जायचं. भिंतींना ओल फुटली होती, मडक्यातल्या मिठाचं पाणी झालं होतं, आणि भर दुपारी दिवा लावावा असा अंधार होता. घाटमाथ्यावरच्या आडघोळ गावानं असा पाऊस पुढं पुष्कळ वेळा पाहिला. पण तसा दिवस परत येऊ नये म्हणून म्हातारी माणसं अजून हात जोडतात.

ही गोष्ट कधीची, ते कुणाला धड सांगता येत नाही. आपल्या पणज्याला त्याच्या पणज्यानं सांगितली म्हणतात. तेव्हा काड्याची पेटी नव्हती. विस्तव राखेखाली जपून ठेवायचा आणि सकाळी फुंकून जागा करायचा. पावसाचे चार महिने ज्याच्या घरात कोरडं जळण, तो जगला. बाकी सगळं नंतर.

त्या गावात गोमाजी नावाचा माणूस होता. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. दिसायला किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. पण कुऱ्हाड हातात घेतली की वेगळाच. ऐनाच्या झाडाचा ओंडका समोर आला की आधी त्यावर नुसता हात ठेवायचा, लहान पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. मग कान लावायचा. आपली चीर कुठं आहे ते ओंडका त्याला आतून सांगायचा, असं म्हणतात. मग एक घाव घालायचा, आणि ज्या ओंडक्यात तीन गडी पाचरी ठोकून दमले तो भाकरीसारखा दोन तुकडे होऊन पडायचा. त्यानं फोडलेलं जळण धूर करत नसे, असंही म्हणतात.

रचायचा तर देवळाच्या भिंतीसारखं. खाली दगड, दगडावर आडवी दांडकी, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. त्यावर ढलप्या, साल वरच्या अंगाला. दोन ढलप्यांमध्ये बोट जाईल एवढी फट, वारा खेळायला. वैशाखात त्याच्या पडवीत रचलेलं जळण दिवाळीपर्यंत खणखणीत वाजायचं.

आता आडघोळची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं त्या रितीवरच फिरलं.

त्या गावात चुलीच्या जळणाला फाटी म्हणत. फाटी आण, फाटी फोड, फाटी दे. लाकडं हा शब्द घरात कुणी काढत नसे. लाकडं म्हणजे मसणवटीतली. कुणी दारात येऊन "लाकडं द्या" म्हणालं, की त्या घरात माणूस गेलं असं समजायचं. आणि त्याला उलटून काही विचारायचं नाही. कोण गेलं, कशानं गेलं, एक शब्द नाही. विचारलं तर दुसरं मागणं आपल्या दारी येतं, अशी समजूत. मान खाली घालायची, जाड न फोडलेली लाकडं उचलायची आणि सरळ मसणवटीत नेऊन रचायची. मेल्या माणसाच्या घरावरूनसुद्धा न्यायची नाहीत. रचून झाली की घरी जाऊन एवढंच सांगायचं, "रचली." गावातल्या पोरासोरालाही हे ठाऊक होतं.

हौसाला ठाऊक नव्हतं.

हौसा देशावरची. तिचा नवरा आडघोळचाच, पण पोटासाठी खाली देशावर राहिलेला. दिवाळीला बायको आणि नऊ वर्षांची मुलगी घेऊन गावी परतला, आणि माघात तापानं दगावला. तेव्हा लाकडं मागताना पुरुषांनी पुरुषांना जे बोलायचं ते बोलले. हौसा आत भिंतीला टेकून बसलेली, तिच्या कानावर काय पडणार? घर तिचं ओढ्याच्या अलीकडं. अलीकडं घरं दोनच, एक तिचं आणि एक गोमाजीचं. बाकी सगळा गाव पलीकडं. मसणवट अलीकडंच, पण टेकाडाच्या मागं.

वैशाखात हौसानं एकटीनं जळण तोडलं आणि देशावर रचतात तसं उघड्या अंगणात, मातीवर, उभं रचलं. वर चार पानं टाकली. गोमाजी रोज तिथून जायचा. हे पहिल्याच पावसात भिजणार, हे त्याला एका नजरेत कळलं होतं. पण बाई तरणी, नवरा नुकता गेलेला. एकट्या माणसानं तिच्या अंगणात कसं शिरायचं, काय बोलायचं? कुणीतरी बाईमाणूस सांगेल तिला, असं म्हणून तो रोज पुढं जायचा. महिनाभर गेला. कुणी सांगितलं नाही.

तर त्या आडव्या पावसाच्या दिवशी हौसाची मुलगी शेवंती म्हशीमागं गेली आणि ओढ्यात पडली. म्हशीची शेपटी धरून बाहेर आली, पण ओठ निळे, दात वाजतायत, बोटं उघडत नाहीत. हौसानं तिला कोरड्या लुगड्यात गुंडाळली. घरात उरलेलं एकच कोरडं दांडकं चुलीत घातलं, ते जळून गेलं. अंगणातलं जळण घातलं तर नुसता धूर. मग ती डोक्यावर इरलं घेऊन धावत गोमाजीच्या दारात आली. केस सुटलेले, आवाज बसलेला.

"लाकडं द्या, भावजी," ती म्हणाली. "एक होतं, तेबी संपलं माझं."

ती दांडक्याचं बोलत होती. गोमाजीनं लेकराचं ऐकलं.

 काल तर ही पोर ओढ्याकाठी गाणं म्हणत होती. कशानं गेली? ओठावर आलेलं त्यानं गिळलं. रीत होती. आई स्वतः मागायला आली याचंही त्याला नवल वाटलं नाही. घरात दुसरं आहे कोण? त्यानं मान खाली घातली.

"जा तू. बस तिच्याजवळ," तो म्हणाला. "आणतोच."

हौसाच्या जिवात जीव आला. गोमाजी आणतो म्हणाला म्हणजे आलंच, एवढं तिलाही कळलं होतं. ती परत गेली आणि मुलीचे तळवे चोळत बसली.

इकडं गोमाजीनं माळ्यावरून सगळ्यात जुनी, सगळ्यात कोरडी लाकडं काढली. बाभळी-आंब्याची नाहीत, जांभळाची. एवढीशी पोर, तिला ओलं लाकूड नको, असं त्याच्या मनात आलं. खांद्यावर इरलं, इरल्याखाली लाकडं. टेकाड चढून मसणवटीत नेली. तिथं चार मेढींवर गवताचं छप्पर होतं, त्याखाली रचली. एक खेप, दोन खेपा, तीन खेपा. चिखलात गुडघ्यापर्यंत पाय जात होते. सगळं आयुष्य त्यानं लाकूड रचलं, पण त्या दिवशीइतकं नीट कधीच रचलं नव्हतं, असं म्हणतात. मापानं लहान रचलं आणि त्याला रडू आलं.

हौसा वाट बघत होती. तिनं बसायचा पाट फोडून जाळला. पिठाच्या पेटीचं झाकण जाळलं. मुसळ जाळलं. मग परत धावत गोमाजीच्या घरी आली, तर दाराला कुलूप, आणि जळण आत, कुडानं बंद पडवीत. "भावजी! भावजी!" असं तिनं तिथं उभं राहून हाका मारल्या. पावसात हाक कुठवर जाणार? ओढा असा फुगलेला की पलीकडचा गाव दिसतसुद्धा नव्हता.

चौथी खेप रचून गोमाजी तिच्या दारात आला तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती. तो बाहेरच थांबला. आत पाऊल टाकायची रीत नव्हती.

"रचली," तो म्हणाला.

हौसा झटकन उठली. "कुठं रचली? पडवीत?"

गोमाजीला काही समजेना. "पडवीत कशी रचू? तिकडं... जागेवर."

"कसल्या जागेवर? अवो, पोर गारठून चाललीया, आत आणा की!"

आणि आतून शेवंती खोकली.

तो खोकला गोमाजीनं मरेपर्यंत ऐकला, असं म्हणतात. तो वळला आणि पळत सुटला. घरातली फाटी, बारीक फोडलेली, कवळा भरभरून आणली. पळताना वाटेत अर्धी सांडली. विस्तव आणला, फुंकला. जाळ उभा राहिला, आढ्याला लागेल एवढा. छपरातून वाफ निघाली, भिंतींची ओल पळाली. सगळं घर तापलं. पोर तापली नाही.

दुसऱ्या दिवशी कुणाला लाकडं मागावी लागली नाहीत. ती रचूनच ठेवलेली होती.

गावानं गोमाजीला दोष दिला नाही. रितीनंच वागला, म्हणाले. बाईलाच शब्द कळत नव्हता, असंही दोघातिघांनी म्हटलं.  पण त्या दिवसापासून गोमाजीच्या तोंडून फाटी हा शब्द गेला आणि लाकडं हाही गेला. दोन्ही शब्द त्याला उच्चारताच येईनात. बोटानं दाखवायचा.

पुढच्या वैशाखात त्यानं आपल्या घरचं जळण फोडायच्या आधी हौसाच्या पडवीत दगड मांडले आणि तिच्यासाठी जळण रचलं. हौसा दारात उभी राहून बघत होती. तो रचून गेला. तिनं त्याला हात लावला नाही. शेण थापून गोवऱ्या केल्या, रानातून काटक्या वेचल्या, त्यावर चार महिने काढले. त्याचं जळण तसंच राहिलं. पुढच्या वर्षी त्यानं त्याच्या शेजारी दुसरी रांग रचली. तिलाही तिनं हात लावला नाही.

गोमाजी थांबला नाही. ज्या घरात कुऱ्हाड धरणारं कुणी नाही, अशी ओढ्यापलीकडची घरंही त्यानं धरली. रांडव बाया, थकलेले म्हातारे, अंथरुणाला खिळलेले. कुणी मागायच्या आधी त्यांच्या पडवीत जळण येऊन पडायचं. एका वैशाखात त्यानं सोळा घरांचं जळण एकट्यानं फोडलं. त्याच्या कुऱ्हाडीला धार लावावी लागत नसे, आणि रानातली वाळली झाडं त्याला पाहून आपणहून आडवी पडत, असं म्हणतात. खरं-खोटं त्या रानाला ठाऊक. सोळा घरांत चुली पेटत होत्या आणि सतराव्या घरापुढून जाताना त्याची मान खाली व्हायची. त्याला तेवढंच हवं होतं. त्या एका चुलीत आपली एक ढलपी जळलेली बघायची होती. चौदा पावसाळे गेले. चौदा रांगा उभ्या राहिल्या, पडवी भरून अर्धं अंगण भरलं, तिथंही त्यानं वर छप्पर घातलं. त्या रांगांना वाळवी लागली नाही, अळंबी आली नाही, सापानं घर केलं नाही, असं म्हणतात.

पंधराव्या वर्षी वैशाखातच गोमाजीचा श्वास अडकायला लागला. तरी त्यानं सोळा घरांचं केलं, हौसाची पंधरावी रांग रचली, आणि स्वतःच्या घरचं करायला ताकद उरली नाही. आषाढ आला. तो अंथरुणाला लागला. घरात जाळायला काही नव्हतं. मागायचं तर कोणत्या शब्दानं मागणार? दोन्ही शब्द गेलेले. तो थंडगार चुलीकडं तोंड करून पडून राहिला.

दोन दिवस त्याच्या छपरातून धूर निघाला नाही. तिसऱ्या दिवशी हौसा आपल्या पडवीत आली आणि पहिल्या वर्षीच्या रांगेपुढं उभी राहिली.  मग तिनं वरची ढलपी उचलली, मग दुसरी. कवळा भरून पदराखाली घेतलं आणि पावसातून त्याच्या घराकडं निघाली.

चौदा वर्षांचं ते जळण एका निखाऱ्यावर पेटलं. सात दिवस ती चूल विझली नाही आणि सात दिवसांत मूठभर राख झाली नाही, असं म्हणतात. आठव्या दिवशी पहाटे गोमाजी गेला आणि जाळ आपोआप खाली बसला. त्याच्यासाठी कुणाला काही तोडावं लागलं नाही. हौसानं गावाला अंगणातल्या रांगा दाखवल्या.

आडघोळात आजही वैशाखात जो तो जळण फोडतो, तेव्हा पहिला कवळा आपल्या चुलीला घालत नाहीत. ज्या घरात फोडणारं कुणी नाही, तिथं नेऊन ठेवतात आणि न बोलता परत येतात. जुनी रीत मात्र त्या गावानं मोडली. आता दारात कुणी जळण मागायला आलं, मग ते कोणत्याही शब्दानं मागो, त्याला आधी विचारतात, "कुणासाठी? कशाला?" घरात माणूस गेलेलं असलं तरी विचारतात, हळू आवाजात, पण विचारतात. त्याला गोमाजीचं विचारणं म्हणतात.

आणि त्या तिसऱ्या दिवशी काय झालं, तेही सांगतात. हौसानं जाळ केला. गोमाजीला उचलून चुलीजवळ बसवलं, पाठीला पोतं दिलं. त्यानं तिच्यापुढं हात जोडले. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. जाळाकडं पाहत उभी राहिली, अंगातून पाणी निथळत होतं. मग ती म्हणाली, "असू द्या, भावजी. सरका जरा पलीकडं. मलाबी शेकू द्या."