खाडजाईचं मोकळं नाक

चपला बाहेर काढा. हो, आणि फोटो काढा हवे तेवढे, पण आधी डोळ्यांनी नीट बघा. बघितलंत? मग आता विचारा. येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, की गुरवीणबाई, देवीला एवढं जरीचं लुगडं, गळ्यात पुतळ्यांची माळ, आणि नाक तेवढं मोकळं कसं? नथ चोरीला गेली का? अहो, चोरीला कशाला जाईल! आमच्या खाडजाईची नथ यंदा पुलाजवळच्या बाजारात आहे, सुलक्षणाच्या नाकात. ती बसलीय तिकडे सुरमई कापत. जाताना बघून जा. पण आधी बसा आणि ऐका, मध्ये मध्ये फोन बघायचा नाही.

फार जुनी गोष्ट. या खाडीत तेव्हा मोत्यांचे शिंपले मिळत, असं सांगतात. आनसू नावाची एक कोळीण होती. तिच्या बापाने जन्मभर शिंपले फोडून एकेक मोती जमवला आणि लेकीच्या लग्नात त्यांची नथ घडवली. त्यातला एकही मोती नीट गोल नव्हता म्हणे. पण तेज असं, की बघणारा बोलता बोलता थांबायचा. हिऱ्यासारखं डोळ्यांत घुसणारं तेज नव्हे हो! मोत्याचं तेज आतून येतं. सायीसारखा पांढरा, आणि मान जरा वळली की त्यात गुलाबी झाक. हातात घेतला तर गार, नाकात घातला की माणसाइतकाच ऊबदार. आनसू ती नथ रोज घालायची. जाळी विणताना, पाणी भरताना, भांडताना सुद्धा.

एकदा तिचा नवरा धाकू वादळात सापडला. बाकीच्या होड्या परत आल्या, त्याची आली नाही. आनसू इथे, तुम्ही बसलाय ना, तिथेच बसली आणि नवस बोलली, "आई, माझा माणूस दे, माझी नथ तुला." आणि धाकू आला! होडीची फळी कवटाळून खाडीच्या तोंडाशी लागला. आनसूने त्याच पावली नथ उतरवून देवीपुढे ठेवली.

गावाला केवढा आनंद! देवीची वस्तू म्हणून गावाने तिला जपलं. आणि कसं जपलं, तर कापसात गुंडाळलं, भोवती कापूर घातला, पेटीला कुलूप लावलं आणि पेटी ठेवली नैवेद्याच्या चुलीवरच्या फडताळात. कुणाचा हात लागायला नको, कुणाची सावली पडायला नको. पुढच्या नवरात्रात पेटी उघडली, तर मोती मेलेले. पिवळे, कोरडे, म्हाताऱ्याच्या दातांसारखे.

गाव हादरलं. मानकऱ्याची बायको भिकाई तिथेच ओरडली, "हिनं देवीला खोटे मोती वाहिले गं बाई!" झालं. एकीने म्हटलं की दहा जणी म्हणतात. खरा मोती दाताला घासला की खरखरतो, खोटा गुळगुळीत लागतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण देवीची नथ तोंडाला लावून उष्टी कोण करणार? कुणीच पुढे होईना. तेव्हा असं मानत, की नवस खोटा फेडला तर दिलेलं माणूस देवी परत नेते. धाकूला कुणी होडीवर घेईना. आनसूला स्वतःच्या अब्रूपेक्षा त्याच्या जिवाची भीती. ती ऊर बडवून सांगत होती, मोती खरे आहेत म्हणून. कोण ऐकतो?

शेवटी गावाने ठरवलं, की पुढच्या नवरात्रापर्यंत ही नथ हिनेच घालावी, म्हणजे हिचं खोटेपण येणाऱ्या जाणाऱ्याला दिसेल. मग गाव काय ते ठरवील. काय मेली माणसं! शिक्षा म्हणून नथ घालायला लावली.

आनसूने घातली. अंघोळ, वेणीफणी आटोपली की मग नथ, आणि निजताना ओल्या मऊ फडक्याने पुसून ठेवायची, तिच्या आईने शिकवलं होतं तशी. पाणवठ्यावर गेली की बायका पाठ फिरवायच्या. ती खाली मान घालून घागर भरायची आणि घरी येऊन रडायची. नाकातले मोती तिच्या श्वासात, तिच्या अंगाच्या उबेत होते. आणि म्हणे, हळूहळू त्यांना ओल चढली. कुणाला कळलं नाही, कारण तिच्या तोंडाकडे कुणी बघतच नव्हतं!

नवरात्र बसलं. निवाड्यासाठी तिला देवळात बोलावलं. तिने देवीपुढे मान वर केली. प्रत्येक मोत्यात समईची ज्योत दिसत होती. मला तर हे सांगताना आजही काटा येतो, बघा हा हात. म्हातारे मानकरी पुढे झाले आणि तिच्या पायाशी वाकले. मोती खरे होते. माणसाच्या अंगाविना ते पेटीत गुदमरले होते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गाव कसलं गप्प बसतंय! सगळे लगेच उलटले भिकाईवर. हिनेच आधी तोंड उघडलं, हिला हाकला. भिकाई खांबाला धरून उभी होती. तेव्हा आनसूने नाकातली नथ काढली, देवीच्या पायाला लावली आणि सरळ जाऊन भिकाईच्या नाकात घातली. "आता बोला हिला," म्हणाली, "देवीच्या तोंडावर बोला." कुणाची जीभ उचलली नाही.

आजही नवरात्रात नथ देवीच्या नाकात असते. ते संपलं की आम्ही मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावून, एकेकीचं नाव घेऊन कौल मागतो. आणि पाकळी उजवीकडे पडते ती गावाने वर्षभर जिच्या नावाने बोटं मोडली, तिच्याच नावाला. मग ती वर्षभर नथ घालते. अत्तर लावायचं नाही, लिंबाचा हात लावायचा नाही, बाकी सगळी कामं नथ घालूनच. तिला वाकडा शब्द बोलायची कुणाची छाती होत नाही.

हे माझ्या नाकाचं भोक बघा. माझा नवरा मुंबईला गेला तो परत आला नाही, आणि गावाने नावं ठेवली मला. मी विहिरीवर गेले की बायका विटाळ झाल्यासारख्या बाजूला व्हायच्या. मग कौल माझ्या नावाचा पडला. त्या वर्षीही बाजूला व्हायच्या, पण मला वाट द्यायला.

सुलक्षणाबद्दल काय बोलत होते ते मला विचारू नका. बाजारात जा, मासळी घ्या. आधी हात जोडा, मग भाव करा.