विचारून वाजवलेली घंटा

बेलपिंपरीत बर्नबा खरात नावाचा एक भोळा तरुण होता. भोळे तसे गावात पुष्कळ होते, पण बाकीचे घरात बसून भोळे होते. बर्नबा चारचौघांत भोळा होता. त्याला एकदा सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही, आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू व्हायची.

बर्नबाचा बाप जन्मभर गावच्या चर्चची घंटा वाजवायचा. उपासनेला बोलवायचं असलं की भराभर, आणि कुणी देवाघरी गेलं की एकेक टोल, सावकाश, मधे श्वास घेऊन. तो ख्रिस्तवासी झाला तसा घंटेचा दोर पोरका झाला. मग पाळकसाहेब देठे स्वतःच घंटा वाजवायचे आणि पहिलं गीत संपेपर्यंत धापा टाकायचे. बर्नबाला या जगात दुसरं काही नको होतं. फक्त बापाचा दोर हवा होता. त्याची आई मार्थाबाई दर रविवारी पाळकसाहेबांना गाठून तेच मागायची.

"अहो बाई, देईन हो," पाळकसाहेब म्हणायचे, "पण घंटा म्हणजे गावाचा कान. तो या पोराच्या हातात कसा देऊ?"

त्या वर्षी चर्चच्या तरुण संघाची मिशन ट्रिप ठरली. सातपुड्यातल्या सावरपाड्याला जायचं, तिथल्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत राहायचं, पोरांना गोष्टी सांगायच्या, प्रार्थनाघराला चुना लावायचा, फोटो काढायचे आणि आठवडाभरात धन्य होऊन परत यायचं. पाळकसाहेबांनी विचार केला. म्हणाले, "बर्नबाला पाठवा. एकही तक्रार न येता परत आला, तर दोर त्याचा."

मार्थाबाईनं पोराच्या शर्टाला इस्त्री केली. म्हणाली, "बाबा, आपल्या मनानं काही करू नको. सिलासदादा सांगेल तसं कर." सिलासदादा म्हणजे संघाचा पुढारी. तालुक्याच्या शाळेत मास्तर होता, आणि सुट्टीतही मास्तरच असायचा.

स्टँडवर सिलासदादानं सगळ्यांना उभं करून सांगितलं, "आपण सेवेला चाललोय, पाहुणचार झोडायला नाही. कुणी राबताना दिसलं की बघत बसायचं नाही. त्याच्या हातातलं काम आपल्या हातात घ्यायचं."

"घेईन, दादा," बर्नबा म्हणाला.

घाट लागला. अख्खी एसटी डुलक्या घेत होती. राबत होता एकटा ड्रायव्हर. बिचारा घामाघूम झालेला. बर्नबा उठला, पुढं गेला आणि त्यानं स्टिअरिंगला हात घातला.

"द्या इकडं, काका. केव्हाचे राबताय. बसा जरा."

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. माणसं माणसांवर आदळली. "गाडी चालवता येते का तुला?" त्यानं विचारलं.

"नाही येत. पण करायची इच्छा आहे."

कंडक्टरनं इच्छेसकट सगळा संघ खाली उतरवला. पेट्या, चटया, चुन्याच्या गोण्या, सगळं. उरलेला घाट डोक्यावर गोण्या घेऊन चढावा लागला. निम्म्या घाटात सिलासदादानं डोक्यावरची गोणी खाली टेकवली. मग म्हणाला, "बर्नबा, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी विचारायचं असतं. तो हो म्हणाला तरच हात लावायचा. राहील लक्षात?"

"राहील, दादा." आणि राहिलं.

सावरपाड्याच्या मंडळीचे वडील, म्हणजे तिथले प्रमुख, गोमाबाबा. त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं, गोण्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "चुना आणलात. छान." आता खरं सांगायचं तर त्या प्रार्थनाघराला दरवर्षी कुठला ना कुठला संघ येऊन चुना लावून जायचा. थरावर थर चढून भिंती इतक्या जाड झाल्या होत्या की खिडक्या मिटत नव्हत्या. गळत होतं छप्पर. पण छपरावरचा फोटो बरा येत नसावा, कारण छपराला कुणी हात लावत नसे. पाड्याची माणसं सभ्य. पाहुणा आला की त्याच्या हाताला काहीतरी काम द्यावं लागतं, हे त्यांनी मान्य करून टाकलं होतं.

दुपारी पोरांना गोष्ट सांगायची होती. गोष्ट हरवलेल्या मेंढराची, आणि त्यासाठी सिलासदादानं कापडाची चित्रं कापून आणलेली. मेंढपाळ, टेकडी, झाड, मेंढरू. फळ्यावर लावली की चिकटून बसायची. चित्रं बाजेवर ठेवून तो हातपाय धुवायला गेला आणि बर्नबाला तिथं बसवून गेला.

एक शेळी आली. तिनं आधी झाड खाल्लं. मग टेकडी खायला घेतली.

बर्नबा उठला, आणि थांबला. शेळी दुसऱ्याची होती. तो वाटेत भेटेल त्याला विचारत ओढ्यावर पोचला. तिथं दिवलीबाई कपडे धूत होती. शेळी तिची होती.

"मावशी, तुमच्या शेळीला हात लावू का?"

"कशाला रे?"

"ती आमची चित्रं खातीय."

"मग लाव की."

"म्हणजे हो ना?"

"हो रे बाबा, हो. पळ."

बर्नबा पळत वर आला. मेंढपाळ तेवढा उरला होता. शेळी डोळे मिटून रवंथ करत होती.

गोष्ट तर सांगायलाच हवी होती. सिलासदादा फळ्यावर एकटा मेंढपाळ लावून म्हणाला, "मग त्यानं मेंढरू सगळीकडं शोधलं. कुठं असेल बरं ते?" सगळ्या पोरांनी एकदम शेळीच्या पोटाकडं बोट दाखवलं. गोष्ट तिथंच संपली.

"अरे, अशा वेळी विचारत बसायचं असतं का?" सिलासदादा दात ओठ खात म्हणाला. "आधी तोंडातून ओढून काढायचं. कुणाचं आहे ते मग विचारायचं. आणि दोर हवाय ना तुला? मग हे डोक्यात ठेव."

बर्नबाला दोर हवा होता. दुसरं काही नकोच होतं. त्यानं ते डोक्यात ठेवलं.

संध्याकाळी पाहुण्यांच्या मानाखातर गोमाबाबांनी बासरी काढली. ही बासरी एरवी फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. सगळा पाडा अंगणात बसला. पोरंसुद्धा चूप झाली. बाबांनी डोळे मिटले, बासरी ओठांना लावली, आणि पहिला सूर असा काही निघाला की सिलासदादाही मास्तरकी विसरला.

बर्नबानं पाहिलं, बाबांच्या तोंडात काहीतरी जातंय. तो ताडकन उठला आणि त्यानं बासरी ओढून काढली.

"बाबा, हे कुणाचं?"

गोमाबाबांनी डोळे उघडले. "माझंच," ते म्हणाले.

"असं होय. मग घ्या," म्हणून बर्नबानं ती परत त्यांच्या तोंडात ठेवली, पण उलट्या टोकानं.

पाडा हसून हसून आडवा झाला. गोमाबाबांना तर हसता हसता ठसका लागला. ते म्हणाले, "याला माझ्याजवळ बसवा." सिलासदादाला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यानं बर्नबाला गोठ्यामागं नेलं. "मोठ्या माणसाचं काही चालू असलं की मधे तडमडायचं नाही. गप उभं राहून बघायचं. संपलं की टाळ्या वाजवायच्या. कळलं?"

"कळलं, दादा. एवढं सोपं असेल तर जमेल."

दुसऱ्या दिवशी चुन्याचं काम निघालं. सिलासदादा कुंचला घेऊन शिडीवर चढला. खाली कालवलेल्या चुन्याचं पिंप होतं. संघातली एक मुलगी मोबाइल रोखून म्हणाली, "दादा, थोडं मागं झुका, मागचा डोंगर येऊ दे." दादा झुकला. शिडी सरकली. दादानं वळचणीचा बांबू पकडला आणि तो पिंपाच्या बरोबर वर लोंबकळू लागला.

"बर्नबा, शिडी लाव."

बर्नबा गप उभा राहिला.

"अरे, शिडी."

कुणीतरी धावायला लागलं तर बर्नबानं त्याचा हात धरला आणि ओठांवर बोट ठेवलं. मोठ्या माणसाचं चालू होतं. बांबू मोडला. दादा पिंपात गेला, पिंप आडवं झालं, दादा त्यातून वाहत बाहेर आला आणि अंगणात उताणा पडला. संपलं म्हणून बर्नबानं टाळ्या वाजवल्या. पोरांना वाटलं कालच्या गोष्टीपेक्षा ही बरी, म्हणून त्यांनीही वाजवल्या.

सिलासदादा बराच वेळ हललाच नाही. मग पांढऱ्या चेहऱ्यात दोन डोळे उघडले. आवाज अगदी शांत होता. "बर्नबा. माणूस असा निपचित आडवा दिसला, हाक मारून उठेना, तर गप उभं राहायचं नाही. टाळ्या तर मुळीच नाहीत. हाताला येईल ते वाजवायचं आणि अख्खा गाव गोळा करायचा."

"करीन, दादा."

निघताना गोमाबाबा घाटापर्यंत पोचवायला आले. म्हणाले, "पुढच्या वर्षी चुना नाही आणलात तरी चालेल. याला मात्र आणा."

इकडं बेलपिंपरीत मार्थाबाईच्या जिवाची घालमेल चाललेली. पाळकसाहेबांनी सिलासदादाला सगळ्यांसमोर विचारलं, "काय, बर्नबाची काही तक्रार?"

आता सिलासदादाची पंचाईत पाहा. तक्रार सांगायची म्हणजे पिंप सांगावं लागणार. पिंपाबद्दल कुठं अवाक्षर काढायचं नाही म्हणून तर त्यानं सगळ्या संघाला शपथ घातली होती. त्याच्या कानांमागं अजून पांढरं होतं.

"तक्रार अशी काही नाही," तो म्हणाला.

पाळकसाहेब शब्दाचे पक्के. त्याच रविवारी ट्रिपसाठी आभाराची उपासना होती, चारच्या सुमारास. सकाळीच त्यांनी बर्नबाला बोलावून दोर हातात दिला. "उपासनेला भराभर. मौतीला एकेक टोल. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, साहेब. बाबांनी शिकवलंय," बर्नबा म्हणाला, आणि त्याला रडू आलं. मार्थाबाईनं तर आनंदाच्या भरात कोंबडं कापलं, वडे तळले आणि पाळकसाहेबांना दुपारी भरगच्च डबा पाठवला. साहेबांनी तो चाटून पुसून खाल्ला. मग चर्चमध्ये गारवा असतो म्हणून पहिल्या बाकावर जरा लवंडले. पाय जुळवून, हात छातीवर ठेवून.

बर्नबा वेळेच्या आधीच आला. पाहतो तर पाळकसाहेब निपचित आडवे.

"साहेब," त्यानं हाक मारली. साहेब उठले नाहीत. परत हाक मारली. उठले नाहीत. पूर्वीचा बर्नबा लगेच घंटेकडं धावला असता. पण आता तो कच्चा राहिला नव्हता. ट्रिप करून आला होता. विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, जिवंत आहात का?"

साहेब काही बोलले नाहीत.

"मग मेलात का?"

"हं," साहेबांनी झोपेत हुंकार दिला.

झालं. खुद्द साहेबांनीच सांगितलं म्हटल्यावर बर्नबा बाहेर आला, डोळे पुसले आणि दोर ओढला. एकेक टोल. सावकाश, मधे श्वास घेऊन. त्याला पाळकसाहेबांचं मनापासून वाईट वाटत होतं, आणि हातात बापाचा दोर होता. इतकी सुरेख घंटा बेलपिंपरीनं कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

म्हातारी माणसं दारात आली. "खराताचा हात," म्हणाली, "पण गेलं कोण?" बघता बघता चर्चच्या आवारात गाव लोटला. बर्नबानं टोल न थांबवता सांगितलं, "पाळकसाहेब." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ज्यांनी साहेबांच्या लांबलचक उपदेशाला नावं ठेवली होती तेच आता तो किती छोटा वाटायचा म्हणून हुंदके देऊ लागले. सिलासदादा हमसून हमसून रडला. मार्थाबाईही रडली, मग तिला आपला डबा आठवला, आणि ती एकदम रडायची थांबून मागं सरकायला लागली.

त्या टोलांनी पाळकसाहेबांना जाग आली. मौतीची घंटा, म्हणजे आपलं काम आलं. त्यांनी अर्धवट झोपेतच झगा चढवला, बाजूच्या दारानं बाहेर पडले आणि गर्दीच्या मागं येऊन उभे राहिले. पुढच्या म्हाताऱ्याला हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"पाळकसाहेब," म्हातारा मागं न वळता म्हणाला.

"अरेरे," पाळकसाहेब म्हणाले. "सकाळी तर चांगले होते."

मग म्हातारा वळला. पुढचं तुम्ही समजून घ्या. कुणी किंचाळलं, कुणी गुडघे टेकले, मार्थाबाई मात्र एकटी हसली. बर्नबानं पाहिलं, मोठ्या माणसाचं मरण संपलेलं दिसतंय. त्यानं टाळ्या वाजवल्या.

पाळकसाहेब गर्दीतून वाट काढत घंटेपाशी आले. चेहरा लाल झालेला. "मी मेलो असं तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच, साहेब. मी विचारूनच वाजवली."

साहेबांनी दोराकडं हात केला. मार्थाबाईनं डोळे मिटून घेतले. बर्नबानं दोर छातीशी धरला, आणि मग मुकाट्यानं पुढं केला.

साहेबांनी गर्दीकडं नजर टाकली. एवढी माणसं नाताळालाही जमत नव्हती. सगळ्यांचे डोळे ओले होते, आणि ते आपल्यासाठी ओले होते. साहेबांचा हात खाली आला.

"राहू दे तुझ्याकडंच," ते म्हणाले. "वाजवलीस अगदी बापासारखी. पण एक पक्कं लक्षात ठेव. यापुढं माझ्या मौतीचा टोल द्यायचा तर मी शुद्धीत, नीट जागेपणी सांगितल्याशिवाय द्यायचा नाही."

"बरं, साहेब," बर्नबा म्हणाला. "फक्त थोडं आधी सांगा. म्हणजे त्या आठवड्यात मी ट्रिपला जाणार नाही."