सरकारांचा खांदा आणि तुळाजीचा मुद्गल

दिवसभर मिशीला पीळ देऊन देऊन रणधवलराव सरकारांचा उजवा खांदा धरला आणि कळ दंडाच्या शिरेत उतरली. राजवैद्य म्हणाले, लेप आणि शेक. तालमीचे हैबती वस्ताद म्हणाले, रोज हलका मुद्गल फिरवा. सरकारांनी फर्मावलं, "दोन्ही एकेक महिना करून बघू. जो हरेल तो संस्थानाबाहेर."

लेपानं कळ थोडी दबली. मुद्गलाचा महिना मात्र सरला, तरी हात मिशीपर्यंत जाईना.

"गाशा गुंडाळा, वस्ताद," सरकार भर दरबारात म्हणाले.

वस्तादांचा विश्वास बसेना. त्यांनी विचारलं, "मुद्गल फिरवला कोणी?"

"कोणी म्हणजे? आमच्या हुजऱ्यानं. आमचे उपासही उपाध्येच करतात, पुण्य आम्हाला लागतं."

वस्तादांनी त्या म्हाताऱ्या हुजऱ्याला, तुळाजीला, हात वर करायला सांगितला. महिन्यामागं पंखा ढाळताना कण्हणाऱ्या तुळाजीचा हात सरळ छताकडे गेला.

"औषध लागू पडलंय, सरकार," वस्ताद म्हणाले. "मुद्गल तुळाजीला दिलात, तेव्हाच दुखणंही त्याला द्यायचं होतंत."

हद्दपारी तिथल्या तिथे रद्द झाली. दुखणं तुळाजीला कसं द्यायचं, हे मात्र राजवैद्य सरकारांच्या हुकमानं अजून पोथ्यांत शोधताहेत.