डाव्या मडगार्डचं वळण

"साचा फोडू की पॅटर्न, एवढंच सांगा उस्ताद."

इंद्रजित माने दारातच उभा होता. कोपरापर्यंत फायबरचं रेझिन वाळलेलं, डोळे तांबारलेले.

हसन उस्ताद शेडमधल्या खाटेवर बसून चहा पीत होते. बागेतल्या हंसाच्या होड्या म्हणा, देवळांचे कळस म्हणा, पाण्याच्या टाक्या म्हणा, कोल्हापुरात फायबरचं जे जे उभं होतं त्यातलं निम्मं त्यांच्या हातचं.

"बस आधी. चहा घे."

"चहा नको."

"मग तुझा बी मीच पितो," म्हणाले आणि खरंच प्यायला लागले.

आता हा इंद्रजित कोण, ते सांगायला हवं. शिकलेला इंजिनिअर, पण माणूस नादखुळा. सहा वर्षांपूर्वी चांगल्या नोकरीवर पाणी सोडलं आणि उस्तादांच्या शेजारच्या शेडमध्ये दोन माणसांची स्पोर्ट्स कार बांधायला घेतली. चासी, इंजिन, गिअर, सगळं वर्षभरात झालं. बाकीची पाच वर्षं गेली ती बॉडीत.

तसं बघितलं तर काम सरळ आहे. लाकूड आणि पीओपीचा गाडीएवढा पॅटर्न करायचा. त्याच्यावर फायबरचा साचा चढवायचा. साचा सुटला की त्याच्यातून हव्या तेवढ्या बॉड्या काढायच्या. पण मागच्या डाव्या मडगार्डचं वळण काही केल्या त्याच्या मनासारखं होईना. घासायचं, पुट्टी भरायची, पुन्हा घासायचं. असं पाच वर्षं चाललं.

त्याचं असं झालं होतं, की नऊ वर्षांचा असताना आंबा घाटात वडिलांचा टेम्पो तापून बंद पडला होता. हा कडेला दगडावर बसलेला. तेवढ्यात एक बुटकी लाल गाडी अंगाला वारा लावून गेली आणि वळणापलीकडं गडप झाली. दिसलं ते एवढंच, मागचं डावं मडगार्ड. कुठली गाडी, कुणाची, कुणाला ठाऊक! पुढं त्यानं हजारो फोटो पाहिले, त्यात ती नव्हती. पण नुसती आठवली तरी त्याचा हात हवेत ते वळण काढायचा.

आणि गेल्या महिन्यात ते वळण एकदाचं साधलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

मग मात्र स्वारी जरा फुगली. उस्तादांना येऊन सांगून गेला, "साचा मी एकटा लावणार. तुम्ही फक्त बघायला या."

उस्ताद तेव्हा "बरं" म्हणाले होते. आजही "बरं" म्हणाले आणि कप खाली ठेवला.

"कुठं धरलाय?"

"बाकी सगळीकडं सुटला. लाकडी पाचरा मारल्या, फटीतून पाणी सोडलं. फक्त डाव्या मडगार्डला चिकटून बसलाय."

"मेणाचे हात किती दिलेस?"

"सात."

"वरचा पातळ थर?"

"तोही दिला. वाळवला चांगला."

"मग का चिकटला?"

इंद्रजित हातावरचं वाळलेलं रेझिन खरवडू लागला.

साचा चिकटू नये म्हणून मेणावर शेवटी एक थर मारतात, दुधावरच्या सायीसारखा. तो वाळला की त्याला बोटसुद्धा लावायचं नाही, हे या धंद्यातलं पहिल्या दिवशीचं शिक्षण. साय फाटली की साचा तिथं धरलाच म्हणून समजा.

"हात फिरवला," इंद्रजित हळूच म्हणाला.

"किती बार?"

"एकदाच..."

उस्तादांनी बोटानं खूण केली, पुढं बोल.

"बराच वेळ फिरवला. उस्ताद, साचा चढवला की ते झाकलं जाणार होतं. परत दिसेल न दिसेल... राहवलंच नाही मला."

उस्ताद रागावले नाहीत. त्यामुळं तो जास्तच घाबरला.

दोघं शेजारच्या शेडमध्ये गेले. उस्तादांनी साच्यावर बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत गाडीला फेरी मारली. डाव्या मडगार्डपाशी आवाज बदलला. तिथं थांबले.

"साचा फोड."

इंद्रजितचा चेहरा उजळला. "खरंच?"

"व्हय. पॅटर्न वाचंल. खुर्ची टाक शेजारी आणि बस हात फिरवत. कोण अडवतंय? फकस्त रस्त्यावर न्यायचा हट्ट धरू नकोस. पीओपी हाय ते."

त्याचं तोंड उतरलं.

"आणि पॅटर्न फोडला तर?"

"साचा मिळंल."

"ते वळण जाईल."

"जाईल."

"परत तसं जमलं नाही तर?"

"न्हाई जमायचं."

"साच्यात तरी नीट उतरलंय का?"

"ते फोडल्याबिगर कुनाला कळतंय?"

"मग तुम्ही सांगा ना मी काय करू!"

सहा वर्षांत पहिल्यांदाच तो उस्तादांवर ओरडला होता. ओरडला आणि मटकन खाली बसला.

उस्तादांनी कोपऱ्यातला हातोडा आणून त्याच्यापुढं ठेवला. मग दारात जाऊन, त्याच्याकडं पाठ करून बसले. रडणाऱ्या माणसाकडं बघत बसू नये, एवढी रीत त्यांना ठाऊक होती.

इंद्रजितनं हातोडा उचलला.

मग तो सरपटत पॅटर्नच्या खाली शिरला. आत सगळी त्यानंच कापलेली लाकडं. एकेका फळीवर पेन्सिलीनं तारीख लिहिलेली. एक पावसाळ्यातली, एक दिवाळीतली, एक वडील गेले त्या आठवड्यातली. त्यानं सगळ्या वाचल्या. "माफ कर गं बाई," असं कुणाला म्हणाला देव जाणे, आणि पहिला घाव घातला.

पीओपीचे तुकडे केसांत, डोळ्यांत, तोंडात. तो हमसून हमसून रडत होता आणि फोडत होता. उस्तादांनी मान वळवली नाही.

दुपारपर्यंत साचा सुटला. दोघांनी धरून उलथा केला.

आतून आरशासारखा चकाकत होता. आणि ते वळण होतं! उलटं, खोलगट, पण तेच. घाटातलं. इंद्रजितला हसावं की रडावं कळेना, त्यानं दोन्ही केलं.

फक्त एका जागी, तळहाताएवढा डाग. खरबरीत, निस्तेज. त्यात चार बोटांचे पुसट ओरखडे.

त्यानं त्या डागावर आपली चार बोटं ठेवून बघितली. मग म्हणाला,

"उस्ताद... हे असंच ठेवू? याच्यातून जेवढ्या गाड्या निघतील, त्या सगळ्यांवर उमटेल. पाच वर्षांचं एवढं तरी राहू दे की माझ्याजवळ."

उस्तादांनी बादलीतल्या पाण्यात पॉलिश पेपर बुडवला, झटकला आणि त्याच्या हातात दिला.

"घास. गाडी नेणाऱ्यालाबी या वळणावर हात फिरवू दे."