हौसाबाईच्या मापाचं हेल्मेट

“यातलं सगळ्यांत मजबूत कुठलं, तेवढं सांगा बुवा. बाकीचं मी बघतो.”

घैसासने तीन हेल्मेटं बुवांपुढे मांडली. मठाच्या शिखराची डागडुजी चालू होती आणि सुरक्षा अधिकारी म्हणून ही त्याची पहिलीच नेमणूक. अंगात उत्साह मावत नव्हता.

बुवा पूर्वाश्रमीचे गवंडी. त्यांनी पांढरं हेल्मेट उचलून उलटंसुलटं केलं.

“त्याच्यावर मी गच्चीवरून नारळ टाकला,” घैसास म्हणाला. “नारळ फुटला, पण हेल्मेटवर ओरखडा नाही.”

“खोबरं कुठाय?”

“थट्टा नको, बुवा. काल वरून वीट पडली, हौसाबाईपासून वीतभर अंतरावर. बाई उघड्या डोक्यानं आणि हेल्मेट कोपऱ्यात. घमेली वाहणाऱ्या सहाही बायकांची तीच तऱ्हा. आज पुन्हा काढलं तर सहाही जणींना घरी पाठवणार आहे. तुमचं ऐकतात, म्हणून आलो.”



बुवांनी वाळूच्या ढिगाकडे बोट केलं. तिथे एक भरलेलं घमेलं होतं, शेजारी चुंबळ.

“ते पांढरं घाला. आणि एवढं घमेलं वर गवंड्याला देऊन या.”

एवढंच ना, असं म्हणत घैसासने हेल्मेट चढवलं, त्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर घमेलं. दुसऱ्याच पावलाला चुंबळ घसरली आणि निम्मी वाळू त्याच्या कॉलरमध्ये गेली.

पुन्हा भरून घेतलं. या खेपेला घमेलं दोन्ही हातांनी गच्च धरलं, तर हेल्मेटच डोळ्यांवर उतरलं आणि साहेब तुळशीवृंदावनाला धडकले. हौसाबाईने तोंडाला पदर लावला.

तिसऱ्यांदा मात्र त्याचं डोकं फिरलं. हेल्मेट भिरकावून त्याने चुंबळ थेट डोक्यावर ठेवली आणि परांचीखालून ताठ मानेने चालत जाऊन घमेलं वर पोचतं केलं.

परत आला तेव्हा हेल्मेट बुवांच्या मांडीवर होतं.

“हे कुणाचं?”



घैसासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच परांचीखाली काल वीट पडली होती. तिथून तो आत्ता एकदाच गेला होता, त्या बायका दिवसभर जात होत्या. आणि त्यांनाच तो घरी पाठवायला निघाला होता.

तो खाली बसला. आवाज खाली आला होता.

“मग यांच्यासाठी कुठलं घेऊ, बुवा?”

बुवा उठले, विहिरीपाशी गेले. बादली सोडवून बाजूला ठेवली. वरची कप्पी दोरासकट काढली आणि आणून घैसासच्या हातात दिली.

“ही तर कप्पी आहे.”

“होय.”

“मी हेल्मेट विचारलं होतं.”

“हौसाबाईच्या मापाचं हेच आहे.”