चौथा ढीग

तीनशे गावांच्या एका राज्यात विसाजी नावाचा मोजणीदार होता. विहीर असो की डोंगर, विचारलं की आकडा तयार. 'ठाऊक नाही' हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

राजाला मोठा बंधारा बांधायचा होता. त्यासाठी चुन्याच्या शंभर भट्ट्या पेटवायच्या होत्या, आणि रानातलं एकही झाड तोडायचं नव्हतं. एका भट्टीला वर्षाला हजार गाड्या जळण लागे. राजाने विसाजीला विचारलं, "शेतातल्या काडीकचऱ्यावर किती भट्ट्या चालतील? महिन्याभरात सांग."

महिन्यात तीनशे गावं कुठली व्हायला! विसाजीने बारा गावं गाठली. सुगी नुकतीच उरकली होती. खळ्याखळ्यावर कडबा, तुराट्या, पऱ्हाट्या रचलेल्या होत्या. तो तोलत गेला आणि थक्क होत गेला. ओंजळभर पेरायचं आणि गाडीभर उचलायचं! जन्मभर जमीन मोजली, पण ती देते किती हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. बारा गावांवरून त्याने राज्याचा अंदाज बांधला: सव्वा लाख गाड्या. शंभर भट्ट्या आरामात पेटणार होत्या.

बाराव्या गावात मैनाई नावाची म्हातारी खळं झाडत होती. ती म्हणाली, "दादा, चारी ढीग एकातच मोजलंस व्हय?"

"सगळं जळणारंच ना, आजी?"

"जळतंय तर माझं घरबी. म्हून जाळशील?" म्हातारी हसली. "ह्यो पयला ढीग बैलांचा. दुसरा छपराचा आन् कुडाचा. तिसरा मातीचा, तिचा तिला परत. चौथा तेवढा चुलीचा. आमच्या चुली भागून उरंल, त्यो तुज्या राजाचा."

विसाजीने मागची गावं आठवून पाहिली. बाराही गावांत खळ्यावर चार ढीग होते. त्याने ते पाहिले होते आणि एकत्र तोलले होते. गुरं, घर, माती, माणूस. कुणाचा हुकूम नसताना ही वाटणी पिढ्यान् पिढ्या चालली होती. त्याचे हात आपोआप जोडले गेले. मग तो आल्या वाटेने फिरला आणि फक्त चौथा ढीग तोलत गेला.

दरबारात तो म्हणाला, "महाराज, चुली भागवून कमीत कमी वीस हजार गाड्या उरतील, जास्तीत जास्त चाळीस हजार. नेमकं मला ठाऊक नाही. मी बाराच गावं पाहिली."

दरबार खो खो हसला. प्रधान कडाडला, "एक आकडा सांगता येत नसेल तर मोजणीदारीचं पागोटं उतरव!"

विसाजीने पागोटं उतरवून राजापुढे ठेवलं. "हे घ्या. पण भट्ट्या वीसच पेटवा. एकविसावी पेटली, तर कुणाची तरी चूल विझू शकेल."

राजाने ते पागोटं उचलून स्वतःजवळ ठेवलं. भट्ट्या वीसच पेटल्या.

पुढच्या वर्षी पावसाने ओढ दिली. ढीग निम्म्यावर आले, पण आदल्या वर्षी वीसच भट्ट्या पेटल्याने गावोगावी जुनं जळण शिल्लक होतं. एका संध्याकाळी राजा काळजीने टेकडीवर चढला. मागे विसाजी होता, बोडक्या डोक्याने. खाली नजर पोचेल तिथवर गावं पसरली होती आणि घराघरातून चुलीचा धूर वर येत होता. एकही घर सुटलं नव्हतं. राजाने जपून आणलेलं पागोटं काढलं आणि स्वतःच्या हातांनी विसाजीच्या डोक्यावर ठेवलं.

तात्पर्य: जे ठाऊक नाही ते मोकळेपणाने सांगावं, आणि जे दुसऱ्याच्या वाट्याचं आहे ते आपल्या मापात धरू नये.